डेटाबेस आले, पण प्रश्न कुणाला विचारायचा? : विद्यापीठ ग्रंथालयांच्या डिजिटल संदर्भसेवेची उलटतपासणी

पेट परीक्षा झाली, गाइड मिळाले, कोर्सवर्क सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यांत तुमच्या वाट्याला लायब्ररी ओरिएंटेशन येतं. तास-दीड तास स्लाइड्स चालतात. आपल्याकडे कुठले डेटाबेस आहेत, घरून लॉगइन कसं करायचं, प्लेजरिझम रिपोर्ट कुठे मिळतो, प्रबंधाची पीडीएफ कुठल्या नमुन्यात द्यायची, हे सगळं सांगितलं जातं. अगदी शेवटच्या स्लाइडवर 'आस्क अ लायब्ररियन' असं लिहून एक ईमेल आयडी दिलेला असतो. तोवर निम्मा वर्ग उठलेला असतो.

आजचा लेख त्या शेवटच्या स्लाइडबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. डिजिटल काळात आपल्या विद्यापीठ ग्रंथालयांनी उत्तरं तुमच्या लॅपटॉपपर्यंत आणून पोचवली आणि हे काम खरोखर मोठं आहे. पण संदर्भसेवेचा गाभा होता तो प्रश्न घडवणाऱ्या संभाषणाचा, आणि ते संभाषण काउंटरवरून उठून पडद्यावर आलंच नाही. त्याच्या जागी एक फॉर्म आला. या बदलाची किंमत ग्रंथालयाच्या अहवालात दिसत नाही. ती तुमच्या सिनॉप्सिसमध्ये आणि पहिल्या वर्षात वाया गेलेल्या महिन्यांत दिसते.

संदर्भसेवा म्हणजे काय होतं?

ग्रंथपालाने वाचकाशी बोलावं, त्याला काय हवंय ते समजून घ्यावं आणि मग शोधायला मदत करावी, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतल्या वूस्टर शहरातले ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ साली ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातल्या व्यक्तिगत संबंधांवर एक निबंध मांडला. संदर्भसेवेचा इतिहास सहसा तिथूनच सांगायला सुरुवात करतात. त्याआधी ग्रंथपालाचं मुख्य काम पुस्तकं सांभाळण्याचं मानलं जाई.

आपल्याकडे या विचाराला पाया दिला तो एस. आर. रंगनाथन यांनी. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ च्या त्यांच्या पंचसूत्रांतलं चौथं सूत्र आहे 'वाचकाचा वेळ वाचवा'. रंगनाथनांनी संदर्भसेवेचे दोन भाग केले होते. एक 'तयार' संदर्भसेवा : अमुक पदार्थाचा उत्कलनबिंदू किती, तमुक शास्त्रज्ञाचा जन्म कधीचा, असे दोन-चार मिनिटांत हातावेगळे होणारे प्रश्न. दुसरी 'दीर्घ पल्ल्याची' : ज्यात प्रश्नच नीट ठरलेला नसतो, अनेक ठिकाणी शोधावं लागतं आणि ग्रंथपाल व वाचक बराच वेळ एकत्र बसतात.

पुढचं सगळं या वाटणीवर उभं आहे, म्हणून ती लक्षात ठेवा. पहिल्या भागाचं काम इंटरनेटने जवळजवळ पूर्ण काढून घेतलं आणि त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. उत्कलनबिंदू बघायला आज कुणी हँडबुक काढत नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या भागाचा. पीएचडीचं पहिलं वर्ष म्हणजे सबंध दुसरा भाग.

तुम्ही विचारता तो प्रश्न तुमचा नसतो

१९६८ मध्ये रॉबर्ट टेलर यांनी 'कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज' या नियतकालिकात एक लेख लिहिला. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो अभ्यासाला असतो. माझ्या मते तो विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही असायला हवा. टेलर म्हणतात, माहितीची गरज चार पायऱ्या उतरत काउंटरपर्यंत येते. मी त्यांना आपल्या भाषेत नावं देते.

पहिली पायरी 'पोटातली'. काहीतरी कमी पडतंय असं वाटतं, पण शब्द नसतात. दुसरी 'मनातली'. विषय अंधुक दिसतो, मित्राशी चहा घेताना आपण त्यावर भरकटत बोलतो. तिसरी 'मांडलेली'. एका स्पष्ट वाक्यात प्रश्न सांगता येतो. चौथी 'तडजोडीची'. समोरच्या यंत्रणेला, म्हणजे कॅटलॉगला, सर्च बॉक्सला किंवा काउंटरवरच्या माणसाला जे समजेल असं आपल्याला वाटतं, तेवढंच आपण विचारतो.

म्हणजे तुम्ही सर्च बॉक्समध्ये टाकता तो प्रश्न तिथे येईपर्यंत कापला-छाटलेला असतो. चांगल्या संदर्भ-ग्रंथपालाचं कसब हेच, की तो चौथ्या पायरीवरचा प्रश्न ऐकून तुम्हाला तिसऱ्या, दुसऱ्या पायरीवर परत नेतो आणि मग शोधायला लागतो. या बोलण्याला ग्रंथालयशास्त्रात संदर्भ-मुलाखत म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. उत्तर देण्याआधी उलट प्रश्न विचारणं.

हळदीतलं शिसं : एक नमुना

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका कल्पित संभाषणातून बघू. एक विद्यार्थी ग्रंथपालांकडे येतो.

'मॅडम, हळदीवर पेपर हवे होते.'

'हळदीचं काय?'

'हळदीतलं शिसं.'

'जमिनीतून येतं ते, की भुकटी करताना मिसळलं जातं ते?'

'दोन्ही वेगळं शोधावं लागतं का?'

'लागतं ना. जमिनीतून आलेलं असेल तर मृदाशास्त्र, शेतीची जर्नल्स. रंग खुलवायला लेड क्रोमेट मिसळलं असेल तर अन्नभेसळ आणि सार्वजनिक आरोग्य. तुमचं रजिस्ट्रेशन कशात आहे?'

'ॲनालिटिकल केमिस्ट्री.'

'मग तुम्हाला मोजण्याच्या पद्धती हव्यात का?'

'हो, म्हणजे बाजारातल्या नमुन्यांत थोडंसंच शिसं असलं तरी स्वस्तात मोजता येईल अशी पद्धत.'

'अहो, मग हे आधी सांगायचं!'

पाच-सहा वाक्यांत 'हळदीवर पेपर' या मागणीचा शोधण्याजोगा प्रश्न झाला. आता यातून पुढे काय निघतं ते बघा.

एक, शब्दांचा सापळा. शिशाला इंग्रजीत लेड. पण त्याच अक्षरांचं क्रियापद जवळजवळ प्रत्येक पेपरात असतं. त्यात भर म्हणजे हळदीतल्या कर्क्युमिनवर औषधशास्त्रात प्रचंड काम झालंय आणि नव्या औषधाच्या शोधातल्या आश्वासक रेणूला 'लेड कंपाउंड' म्हणतात. साध्या शब्दशोधात शिसं बाजूला राहतं आणि कर्करोगावरचे पेपर समोर येतात. यावर उपाय नियंत्रित शब्दसंचाचा. पबमेडमध्ये 'मेश' नावाची विषयशीर्षकांची यादी आहे. तिच्यात शिसं हे मूलद्रव्य, शिशाची विषबाधा, हळदीची वनस्पती आणि अन्नदूषण या सगळ्यांना वेगवेगळी शीर्षकं आहेत. ती जोडून शोधलं की क्रियापदाचा गोंधळ बराच मिटतो. रसायनशास्त्राच्या डेटाबेसमध्ये लेड क्रोमेटच्या कॅस क्रमांकाने, म्हणजे ७७५८-९७-६ ने शोधता येतं. क्रमांकाला समानार्थी शब्द नसतात.

दोन, न सुचलेला शब्द. लेड क्रोमेट म्हणजे शिशाबरोबर क्रोमियमही आलंच. दोन्ही धातू नमुन्यात जवळपास समान मोल प्रमाणात सापडले तर भेसळीचा संशय बळावतो. बांगलादेशातल्या हळदीवरच्या संशोधनात हा धागा वापरला गेला आहे. क्रोमियम हा शब्द शोधात नसेल तर हे काम तुमच्या नजरेतून निसटू शकतं.

तीन, जागा. आपल्या विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा'वर असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण हळदीवरचं भारतातलं बरंच काम कृषी विद्यापीठांत झालेलं आहे आणि कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी 'कृषिकोश' नावाचं वेगळं भांडार आहे. राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथल्या विद्यापीठांचं काम शोधायचं तर तिथे जावं लागतं. शोधगंगेत काही मिळालं नाही म्हणून 'या विषयावर भारतात काम झालेलं नाही' असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये टाकायचं आणि आरआरसीच्या बैठकीत एखाद्या सदस्याने राहुरीच्या प्रबंधाचं नाव घ्यायचं, हा प्रसंग टाळण्याजोगा आहे.

या तिन्ही गोष्टी गुप्त नाहीत, इंटरनेटवर उघड आहेत. पण त्या आपल्याला लागणार आहेत हेच तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही त्या शोधणार कशा?

पडद्यावर काय आलं?

बाहेरच्या ग्रंथालयांनी काय केलं ते आधी बघू, कारण आपल्याकडच्या 'आस्क अ लायब्ररियन'चा नमुना तिथूनच आला.

अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेची आकडेवारी सांगते, की काउंटरवर येणाऱ्या प्रश्नांची संख्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उतरत गेली. ग्रंथालयांनी तीन प्रकारची उत्तरं काढली. पहिलं, चॅट आणि ईमेल. २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी यांनी मिळून 'क्वेश्चनपॉइंट' सुरू केलं. प्रश्न एका ग्रंथालयात विचारायचा, उत्तर दुसऱ्या ग्रंथालयातून आलं तरी चालेल, अशी ही सहकारी व्यवस्था. २०१९ मध्ये ती स्प्रिंगशेअर या कंपनीकडे गेली. दुसरं, विषयवार मार्गदर्शक पानं. याच कंपनीच्या २००७ मध्ये आलेल्या 'लिबगाइड्स'मुळे ती जगभर पसरली. तिसरं, वेळ ठरवून घेतलेली सल्लाभेट. ब्रँडाइस विद्यापीठाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पारंपरिक संदर्भ-काउंटर बंद करून किरकोळ प्रश्न माहिती-खिडकीवर आणि संशोधनाचे प्रश्न स्वतंत्र खोलीत ग्रंथपालांसमोर, अशी विभागणी केली होती. रंगनाथनांची जुनी वाटणीच या प्रयोगात नव्या रूपात उतरली, असं मला वाटतं.

या तिघांना टेलरच्या पायऱ्या लावून बघा. सल्लाभेटीत उलट प्रश्न विचारता येतात. ती व्हिडिओ कॉलवर, स्क्रीन शेअर करून झाली तर काउंटरपेक्षा सरस ठरते, कारण तुम्ही काय टाइप करता आणि कुठे अडता हे ग्रंथपालाला डोळ्यांनी दिसतं. चॅटमध्येही उलट प्रश्न शक्य आहेत, फक्त समोर माणूस हवा आणि त्याला घाई नको. विषय-पानांवर मात्र संवाद नाही. ती चांगली असली तर नकाशासारखी उपयोगी पडतात आणि जुनी झाली तर मेलेल्या लिंकची यादी होऊन बसतात.

आपण यातलं काय उचललं? बऱ्याच ठिकाणी सगळ्यांत स्वस्त तेवढं. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरचे 'आस्क अ लायब्ररियन'चे फॉर्म एकदा सलग बघा. नाव, विभाग, ईमेल, 'युवर क्वेरी', सबमिट. हा फॉर्म तुमच्याकडून फक्त चौथ्या पायरीचा, तडजोडीचा प्रश्न घेतो. 'हळदीतल्या शिशावर पेपर हवेत' असं तुम्ही लिहिणार, पलीकडून दहा पीडीएफ किंवा डेटाबेसची लिंक येणार, तुम्ही आभार मानणार आणि प्रकरण 'निकाली' निघणार. प्रश्न मात्र होता तिथेच राहतो.

फॉर्म वाईट नाही, अपुरा आहे. त्यात चार रकाने वाढवले तरी फरक पडेल : आतापर्यंत कुठे शोधलंत, कुठले शब्द वापरलेत, काय मिळालं आणि ते का चाललं नाही, मिळालेल्या माहितीचं पुढे काय करायचंय. एवढ्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही. फक्त फॉर्म बनवणाऱ्याने संदर्भ-मुलाखत कशी होते ते आठवायला हवं.

खरेदी मोजली जाते, संभाषण नाही

आता आपल्याकडच्या जमेच्या बाजूबद्दल. यूजीसीने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट सुरू केलं. त्यातून विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना ई-जर्नल्स मिळाली, शोधगंगा उभी राहिली, घरून लॉगइन करण्याची सोय झाली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटी रुपये. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण ११०० रुपये पडतात. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला मोठ्या संस्थेतलीच जर्नल्स उघडता येणं ही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि मी ती क्षुल्लक मानत नाही.

पण १३,००० जर्नल्सचं दार उघडल्यावर वाट दाखवणाऱ्या माणसाची गरज वाढते. आधी चाळीस जर्नल्समध्ये शोधायचं होतं, तेव्हा सगळे अंक चाळूनही भागत होतं. आता भागत नाही.

ग्रंथालयांना या कामासाठी उत्तेजन मिळतं का, हे बघायचं तर त्यांचं मोजमाप कशावर होतं ते बघा. नॅकसाठी महाविद्यालयं जे अहवाल भरत आली आहेत, त्यांत ग्रंथालय किती संगणकीकृत आहे, ई-संसाधनांची वर्गणी आहे का, पुस्तकं आणि जर्नल्सवर वर्षाला किती खर्च झाला, रोज सरासरी किती जणांनी ग्रंथालय वापरलं, असे प्रश्न येतात. किती संशोधकांशी अर्धा तास बसून बोललात, त्यातून कोणाची शोधपद्धती सुधारली, असा रकाना माझ्या पाहण्यात नाही. जे भरावं लागत नाही ते हळूहळू केलंही जात नाही. त्यात प्लेजरिझम रिपोर्ट काढणं, प्रबंध अपलोड करणं, नॅकच्या फायली तयार करणं हीसुद्धा ग्रंथपालांकडेच आलेली कामं. माणसं तेवढीच, कधी त्याहून कमी. म्हणून ही टीका एखाद्या ग्रंथपालावर नाही. पीडीएफचा हिशेब ठेवणाऱ्या आणि बोलण्याचा हिशेब न ठेवणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

याचा थेट फटका कुठे बसतो त्याचं ताजं उदाहरण घ्या. जर्नल विश्वासार्ह आहे का, या प्रश्नाचं आपण काही वर्षं 'यूजीसी-केअर यादीत आहे का' असं सोपं उत्तर देत होतो. ती यादी बरोबर होती की चूक, तो वाद वेगळा. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने यादी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जर्नलची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे कालपर्यंत जो 'तयार' संदर्भप्रश्न होता तो एका सूचनेने 'दीर्घ पल्ल्याचा' झाला. संपादक मंडळ खरं आहे का, समीक्षेला किती दिवस लागतात, जर्नल कुठल्या सूचींत आहे आणि तसा दावा खरा आहे का, प्रक्रिया शुल्क आधी सांगतात का, हे आता प्रत्येक जर्नलसाठी बघावं लागणार. हे शिकवायला ग्रंथपालाहून योग्य माणूस विद्यापीठात क्वचितच सापडेल. संशोधन आणि प्रकाशन नीतीच्या सक्तीच्या कोर्समध्ये हा भाग शिकवला जातो, पण तुमच्या हातातल्या अमुक एका जर्नलबद्दल बोलायला कोर्स पुरत नाही.

जुना काउंटर काही स्वर्ग नव्हता

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी जुन्या दिवसांचे गोडवे गातेय. तसं नाही. १९८६ मध्ये पीटर हर्नन आणि चार्ल्स मॅक्लूर यांनी अमेरिकेतल्या संदर्भ-काउंटरांवर ओळख न देता ठरावीक प्रश्न विचारून तपासणी केली. अचूक उत्तरांचं प्रमाण निघालं ५५ टक्के. 'पंचावन्न टक्क्यांचा नियम' म्हणून ते गाजलं. त्या पद्धतीवर पुढे आक्षेप आले, कारण तिने मुख्यतः वस्तुस्थितीचे छोटे प्रश्न तपासले होते. तरी काउंटर होता म्हणजे सेवा उत्तम होती, असं म्हणायची सोय त्या आकड्याने ठेवली नाही.

आपल्याकडच्या काउंटराबद्दल तर बोलायलाच नको. मोठं टेबल, पलीकडे साहेब, अलीकडे उभा विद्यार्थी. 'काय पाहिजे?' असा प्रश्न कानावर आला की दुसऱ्या पायरीवरचं भरकटलेलं बोलणं कोण करणार? लाजाळू मुलांना, इंग्रजीचा धाक असलेल्यांना, पहिल्या पिढीत विद्यापीठात आलेल्यांना ईमेल किंवा चॅट उलट सोपं जातं. चेहरा दाखवावा लागत नाही, सवडीने, मराठीत लिहिता येतं. डिजिटल संदर्भसेवेची खरी ताकद ही होती आणि नेमकी तीच आपण वापरली नाही. मराठीत विचारा, अर्धवट विचारा, चुकीचं विचारा, आम्ही उलट विचारू, एवढं वाक्य त्या फॉर्मच्या वर लिहायला काय हरकत होती?

आणि आता चॅटबॉट

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि मोकळ्या राहिलेल्या खुर्चीत येऊन बसलं. तुमच्यातले बरेच जण पहिला प्रश्न तिथेच विचारतात, हे उघड आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ते रात्री दोनला जागं असतं, मराठी समजतं, साहेबी दाखवत नाही.

माझे आक्षेप दोन. पहिला सगळ्यांना माहीत आहे : भाषा-मॉडेलं अस्तित्वात नसलेले संदर्भ हुबेहूब खऱ्यासारखे लिहून देतात. लेखक खरा, जर्नल खरं, पेपर हवेतला. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. चॅटबॉटची सहज प्रवृत्ती तडजोडीच्या प्रश्नाला लगेच, नीटस उत्तर देण्याची असते. 'हळदीतल्या शिशावर लिहून दे' म्हटलं की सहाशे शब्द हजर. जमिनीतलं की मिसळलेलं, हे तो तुम्हाला सहसा थांबवून विचारत नाही. प्रश्न अर्धा असतानाच उत्तर पूर्ण दिसायला लागतं आणि संशोधकाला हे घातक असतं, कारण शोध तिथेच थांबतो.

वापरायचंच तर क्रम उलटा करा. 'उत्तर देऊ नकोस, माझा प्रश्न नेमका व्हावा म्हणून मला आधी पाच प्रश्न विचार' असं सांगा. मिळालेला प्रत्येक संदर्भ डीओआय टाकून उघडून बघा. रिट्रॅक्शन वॉचचा मागे घेतलेल्या पेपरांचा साठा २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि सर्वांना मोफत खुला आहे. महत्त्वाचा पेपर आधार म्हणून घेण्याआधी तिथे एक नजर टाका.

तर तुम्ही काय करायचं?

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. तुमची आरआरसी त्याआधी आहे. म्हणून थोडं व्यवहाराचं.

ग्रंथपालांना ईमेल करताना 'पेपर हवेत' असं लिहू नका. सहा ओळी लिहा : माझा विषय एका वाक्यात, मला नेमकं काय ठरवायचंय, कुठे शोधलं, कुठले शब्द वापरले, काय मिळालं आणि ते का पुरलं नाही, कधीपर्यंत हवंय. आणि शेवटी पीडीएफ मागण्याऐवजी अर्धा तास मागा, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन. एवढ्या तयारीच्या पत्राला टाळणं कुणालाही अवघड जातं. आपल्याकडे असे प्रश्न येतच नाहीत, अशीही ग्रंथपालांची तक्रार असते. ती खोटी नाही.

शोधाची वही ठेवा. तारीख, डेटाबेस, शोधवाक्य जसंच्या तसं, निकालांची संख्या. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणार असाल तर याला पर्यायच नाही, कारण प्रिझ्मा २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक डेटाबेसमधलं संपूर्ण शोधवाक्य छापावं लागतं. अशा कामात ग्रंथपालांनी शोध बांधून दिला असेल तर त्यांचं नाव ऋणनिर्देशात घाला. काम तेवढं मोठं असेल तर सहलेखक म्हणून घ्यायची चर्चा गाइडशी उघडपणे करा.

केवळ गूगल स्कॉलरवर थांबू नका. ते एका शोधाचे जास्तीत जास्त १,००० निकाल दाखवतं, वर 'लाखभर निकाल' असं लिहिलेलं असलं तरी. सुरुवातीला ते उत्तम आहे. शोध पूर्ण झाला असं म्हणायला ते पुरेसं नाही.

आणि शेवटचं. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचा फॉर्म आला की 'लायब्ररी : गुड' वर टिचकी मारून मोकळं होऊ नका. मोकळ्या चौकटीत लिहा की आम्हाला विषयाचा ग्रंथपाल हवा आहे, आठवड्यातून दोन तास ठरलेल्या वेळी, ऑनलाइन भेटता येईल असा. पुढच्या नॅकच्या वेळी तो अभिप्राय कुणाला तरी वाचावाच लागतो. दहा विभागांतून दहा जणांनी लिहिलं तर ग्रंथपालांनाही कुलगुरूंकडे माणूस मागायला हातात कागद मिळेल.